भालूला काय भ्यायचं

आपल्या आईला ओळखायला माणूस कधी चुकत नाही, असं म्हणतात. मी चुकलेलो आहे. भर दुपारी, दहा पावलांवरून, डोळ्यांवर नुकताच नंबर बदललेला चष्मा असताना.

झालं असं की पितृपंधरवडा सुरू होता. राजूरला माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि या पंधरवड्यात तिथं माशा मारत बसावं म्हटलं तर माशाही येत नाहीत. खरिपाचं बी केव्हाच जमिनीत गेलेलं असतं आणि रब्बीला अजून अवकाश असतो. अशात आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुनंदानं, मोबाइलवर एका मैत्रिणीचे फोटो बघितले. सातपुड्यातलं राष्ट्रीय उद्यान, पचमढीचा डोंगर, तांबूस दगडांचे उंच कडे आणि पावसाळा सरताना तिथं फुलणारी रानफुलं. मैत्रीण त्या फुलांमध्ये बसलेली होती. आपणही असं फुलांत बसावं, हे सुनंदाच्या मनानं इतकं घेतलं की दोन दिवस भाजीत मीठ पडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी गाडीत हवा भरून आणली.

माय येणार नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. आमचं घराणं मूळ मेंढपाळांचं. आजोबा मेंढरांमागं चार जिल्हे चालायचे. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, शेवटची मेंढरं विकून हसनाबादकडं शेत घेतलं. मी ते शेत बटाईनं देऊन दुकान टाकलं. म्हणजे पिढीगणिक आम्ही जास्त जास्त बसत आलो. माय तेवढी अजून उभी आहे. सत्तरी ओलांडली, डावा कान गेला, पण चालायला लागली तर मागून मलाच "जरा हळू" म्हणावं लागतं. तिनं एवढंच विचारलं की तिथं डोंगर आहे का. आहे म्हटल्यावर ती आपली काठी आणि घोंगडी घेऊन गाडीत जाऊन बसली. निघायचं दुसऱ्या दिवशी पहाटे होतं.

घोंगडी बघून सुनंदाचा चेहरा पडला. आमच्याच शेवटच्या मेंढरांच्या लोकरीची, काळीभोर, अंगावर घेतली तर माणूस दिसू नये अशी ती घोंगडी. हॉटेलात पांढऱ्या शुभ्र दुलया असतात, असं सुनंदानं सासूला परोपरीनं समजावलं. मायनं ते सगळं डाव्या कानानं ऐकून घेतलं.

पहाटे निघालो ते दिवेलागणीला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलात पायी फिरवायला एक गाईड ठरवला. मुन्नीलाल त्याचं नाव. पन्नाशीचा, काटकुळा, गळ्यात दुर्बीण, आणि बोलताना दर दोन वाक्यांनी आकाशाकडं बघायची सवय. हिंदीचा सगळा कारभार माझ्याकडं होता. सुनंदाला हिंदी येते, पण ती मालिकांतली, तीत सासूला उलटून काय बोलावं तेवढंच शिकायला मिळतं. माझी हिंदी दुकानाच्या गल्ल्यावर, ट्रकवाल्यांशी बोलून घासलेली. तिचा मला फार अभिमान होता. मुन्नीलाल काहीही म्हणाला की मी लगेच मायसाठी त्याचं मराठी करायचो. कुणी मागितलेलं नसताना.

फुलं तोडायची नाहीत, असं तो म्हणाला. मी मराठी केलं. दगडांवर नावं कोरायची नाहीत. मी मराठी केलं. तो एका कड्याला हात लावून म्हणाला की हा बलुआ पत्थर, म्हणजे वाळूचे थर दाबले जाऊन लाखो वर्षांत बनलेला. मी "वालुकाश्म" म्हणालो आणि सुनंदाकडं बघितलं, पण ती तेरड्याचा फोटो काढत होती. आमच्याकडचा दगड काळा आणि कडक, घण मारला तर घण उडतो. इथले कडे म्हणजे भाकरींची चळत एकावर एक ठेवावी तसे. मायनं नखानं कडा खरवडला. बोटाला रेती आली.

"ह्याचं जातं केलं तर जल्मभर भाकर कचकच लागंल," ती म्हणाली.

हे मी मुन्नीलालला हिंदीत सांगितलं. तो इतका खूश झाला की त्यानंतर अम्माजी काय म्हणतात, हे तोच मला विचारू लागला. आणि अम्माजींना सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पठारावर फुलांचा नुसता गालिचा पसरलेला, जांभळा, पिवळा, गुलाबी. सुनंदा हरखून गेली होती. मायनं त्या गालिच्याकडं बघून सरळ दोन भाग केले: मेंढरं खातात ती फुलं आणि मेंढरं खात नाहीत ती फुलं. या पिवळ्यानं पोट फुगतं. त्या निळ्यानं दूध वाढतं. कुर्डूच्या तुऱ्यांकडं बोट दाखवून तिनं कोवळेपणी त्याची भाजी कशी करावी तेही सांगितलं. मुन्नीलालनं खिशातून छोटी वही काढून लिहून घ्यायला सुरुवात केली. इतकी वर्षं जंगलात काढली, म्हणाला, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही दोघांच्या मधोमध छाती काढून चालत होतो.

मग बारीक भुरभुर आली. मायनं घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतली. मुन्नीलाल थांबला, आकाशाकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "इधर भालू बहुत हैं। अकेले कहीं मत जाना।"

इथं मी मराठी केलं नाही. म्हणजे गरजच वाटली नाही. भालू म्हणजे अस्वल हे हल्ली शेंबडं पोरही जाणतं. सकाळपासून एवढे अवघड अवघड शब्द उलथवले होते, हा एक तसाच ठेवला.

"काय म्हनून राह्यला रे त्यो?" मायनं विचारलं.

"भालू लई हायेत म्हणतोय."

"आस्सं व्हय. मंग भालूला काय भ्यायचं? म्या पोर असतानी ढेकळं मारून मारून किती पळवल्या."

पळवल्या. माय 'पळवले' म्हणाली नाही, 'पळवल्या' म्हणाली. व्याकरणाकडं दुर्लक्ष केल्याची शिक्षा फक्त शाळेतच मिळते, असा तोपर्यंत माझा समज होता. मी ते वाक्य तसंच्या तसं पुढं ढकललं, वर थोडं तिखटमीठ लावून. "अम्मा बोल रही, भालू को क्या डरना। बचपन में रोज पत्थर मारके भगाते थे बोल रही।"

मुन्नीलालनं वही मिटली. मायकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, काठी बघितली, घोंगडी बघितली आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. मायनं "सुखी ऱ्हा" म्हटलं. तिला वाटलं, इकडं भाजी सांगितली की पाया पडत असतील.

पुढं थोड्या वेळानं भुरभुर थांबली. माय म्हणाली की ती जरा आडोशाला जाऊन येते. मला वाटलं, गाईड अडवेल. पण मुन्नीलालनं मोठ्या आदरानं बाजूला होऊन वाट दिली. "अम्माजी को क्या डर," तो म्हणाला. मग तो सुनंदाला फुलांत कुठं आणि कसं बसावं हे दाखवू लागला, कारण एकही फूल न दाबता बसायचं होतं आणि त्याला जरा वेळ लागणार होता.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. आडोशाला गेलेल्या आईला हाका मारणं बरं दिसत नाही म्हणून मी इकडंतिकडं बघत उभा राहिलो. मुन्नीलाल रस्त्याकडेच्या वाळवीच्या एका वारुळापाशी गेला. वारूळ उकरलेलं होतं आणि माती ओली होती. त्यानं ती बोटांनी चाचपली.

"अभी-अभी गया है," तो म्हणाला. "ताजा है।"

"कोण?" मी मराठीतच विचारलं.

"भालू। दीमक खाता है।"

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीतरी खळ्ळकन फुटलं. लहानपणी मळ्यातल्या आखाड्यावर, म्हणजे राखणीच्या खोपीत, झोपलो की लांबून एक चिरका आवाज यायचा, आणि माय मला पोटाशी ओढून म्हणायची, "गप नीज, भालू वरडून राह्यली." आमच्याकडं मेंढरांमागं जन्म काढलेल्या माणसांच्या बोलीत भालू म्हणजे म्हातारी कोल्ही. ढेकूळ मारलं की पळणारी. म्हणून तर 'पळवल्या'. अस्वलाला माय अस्वलच म्हणते. मी तिला, बहात्तर वर्षांच्या बाईला, कोल्ही आहे असं सांगून अस्वलाच्या रानात एकटं पाठवलं होतं. आणि वर तिच्या शौर्याची जाहिरात करून गाईडलाही निर्धास्त केलं होतं.

मी पळत सुटलो. मुन्नीलाल मागून "भागो मत, भागो मत" म्हणत होता, पण मला त्याचं मराठी करायला वेळ नव्हता. मी फार घाबरलो होतो, हे सरळ सांगून टाकतो. गावात लोक विचारतील, माय कुठंय, तर काय सांगू, असा एक मूर्ख विचार डोक्यात फिरत होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक होता त्याला तोंडच नव्हतं.

एका मोठ्या खडकाला वळसा घातला आणि समोर माय दिसली. कुर्डूच्या गुलाबी तुऱ्यांत, घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन, माझ्याकडं पाठ करून वाकून बसलेली. काहीतरी उकरत होती.

माझा जीव भांड्यात पडला. तिथंच गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलो. आणि माणूस घाबरून मोकळा झाला की आधी चिडतो. तसा मी चिडलो.

"किती येळ? काय आडोसा म्हणायचा का काय ह्यो?"

उत्तर नाही. डावा कान माझ्याकडं असणार.

"तुला सांगितलं व्हतं ना, काही उपटायचं न्हाई म्हणून? घरी नेऊन लावायचंय का आता जंगल?"

उत्तर नाही. उकरणं चालूच. मी आणखी दोन पावलं पुढं गेलो, आणि मग का कोण जाणे, माझा राग एकदम विरला. डोळ्यांत पाणी आलं.

"माय, जीव गेल्ता माझा," मी म्हणालो. "तुला काही झालं असतं म्हंजे? तू हायेस म्हणून म्या दुकानात निवांत बसून राह्यलो. तुझ्याबिगर मला घर बी घर वाटायचं न्हाई. बोलत न्हाई म्या कधी, पण तू गेलीस तर म्या काय करू, सांग?"

आमच्यात असं बोलायची रीत नाही. अण्णांनी उभ्या आयुष्यात मला "जेवला का?" यापेक्षा जास्त माया दाखवली नाही आणि मलाही तेवढीच जमते. त्या दिवशी कसं कोण जाणे, सगळं बाहेर पडलं. फार हलकं वाटलं.

तेवढ्यात मायनं वळून बघितलं. तिला लांब तोंड होतं, फिकट मुस्कट, आणि त्या मुस्कटाला माती आणि वाळव्या चिकटलेल्या होत्या.

पुढचा भाग मला नीट आठवत नाही. अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, हे आठवतं. माझ्या अंगात कुठल्या तरी पूर्वजाचा संचार झाला आणि मी त्या सरळसोट खडकावर चढलो, हेही अनुमानानं सांगता येतं, कारण पुढच्याच क्षणी मी पुरुषभर उंचीवर एका थराला दोन्ही हातांनी लटकलो होतो. वालुकाश्म! मघाशी मी हा शब्द इतक्या ऐटीत उच्चारला होता. तोच आता माझ्या बोटांखाली भुगा होऊन सदऱ्याच्या बाहीत शिरत होता.

"हऱ्या," वरून आवाज आला, "हलू नको."

वर माय होती. त्याच खडकाच्या माथ्यावर, घोंगडीची घडी घालून त्यावर आरामात बसलेली. आता ती उभी राहिली. तिनं काठी दगडावर दाणदाण आपटली आणि लांडगा मेंढरांत शिरला की जी आरोळी ठोकतात ती ठोकली. ती आरोळी मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. माझाच हात सुटता सुटता राहिला. मग तिनं घोंगडी उघडून दोन्ही हातांनी खाली फेकली. ती हवेत पसरून अस्वलाच्या पुढ्यात धप्पकन पडली. अस्वलानं आपल्यासारखंच काळं, केसाळ काहीतरी आभाळातून पडलेलं बघितलं, एकदा हुंगलं आणि कुर्डू तुडवत झाडीत निघून गेलं.

मग तिनं काठी खाली सोडली. मी ती धरली आणि वर आलो, म्हणजे ओढला गेलो. वर आल्यावर कळलं की खडकाची दुसरी बाजू उताराची आहे, तिथून माय चालत चढली होती. ऊन पडलं म्हणून जरा टेकली. तेवढ्यात खाली अस्वल आलं, म्हणून मग मुकाट बसून राहिली. इतका वेळ लागला तो त्यामुळं.

मी तिच्या शेजारी बसलो आणि तिचा हात धरून ठेवला. ती धडधाकट होती, नखालाही धक्का नव्हता, आणि मला दुसरं काहीही नको होतं. सुनंदा आणि मुन्नीलाल धापा टाकत पोचले तेव्हा सुनंदा सासूच्या गळ्यात पडून रडली. तीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं.

मायचा राग मात्र मुन्नीलालवर. "ह्याला काय इच्यार हाय का? चांगलं अस्वल व्हतं आन् ह्यो म्हणतो भालू. ज्याला कोल्ही आन् अस्वल वळखू येत न्हाई, त्याला ह्या कामावर कुणी ठुलं?"

"अम्माजी क्या बोल रही हैं?" मुन्नीलालनं हात जोडून विचारलं.

अनुवादकाच्या आयुष्यात असे प्रसंग येतात. "बोल रही, आपने बराबर बताया था," मी म्हणालो. तो परत पाया पडला. मायनं या वेळी "सुखी ऱ्हा" म्हटलं नाही.

परतीच्या रस्त्यावर सुनंदा मागं झोपली होती. माय पुढं माझ्या शेजारी बसली होती. मला एक शंका छळत होती. शेवटी विचारलं, तू एवढी वर बसली होतीस, तर मला हाक का मारली नाहीस?

"हात करून राह्यले व्हते की. तू वर बघशील तं." मग म्हणाली, "आन् हाक मारली असती तर तुझं बोलणं मधीच तुटलं असतं."

"तू ऐकलंस?"

"उजवा कान चांगला हाय माझा."

मी गाडीचा वेग उगाचच कमी केला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"पन्नास वर्षांत पोरगं एकदा मायेनं बोललं," माय म्हणाली, "आन् ते बी अस्वलासंगं."

हे वाक्य आता राजूरच्या बाजारात सगळ्यांना पाठ आहे. गिऱ्हाईक बी घ्यायला येतं आणि जाताना विचारतं, माय बरी हाय ना, वळखलीस ना नीट? मी हसतो. आई घरी सुखरूप आहे, एवढ्यावर माणसानं काहीही ऐकून घ्यावं.

पण ते वाक्य मला लागलं होतंच. गेल्या आठवड्यात मी ठरवलं, आज मायशी नीट बोलायचं. ओसरीवर ती शेंगा फोडत होती, शेजारी जाऊन बसलो. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि सगळं ओळखलं. शेंगांचं सूप उचललं, भिंतीकडं तोंड केलं आणि माझ्याकडं पाठ करून बसली.

"हं," ती म्हणाली, "आता बोल."

मी त्या पाठीकडं बघत घसा साफ केला. दोनदा केला. आणि विचारलं, "बीपीची गोळी घेतली का?"

अस्वलाशी मी ह्याहून पुष्कळ बरा बोललो होतो.